बारदान वजा

सांगलीच्या मार्केट यार्डात वीस वर्षं मी हळद तोलतो.
पोतं काट्यावर आलं की आधी बारदान वजा करायचं,
मग माल किती ते बोलायचं.
तागाचं असेल तर एक आकडा, प्लॅस्टिकचं असेल तर दुसरा.
ओल असली तर हाताला कळते,
काट्याला नाही.

शाळेतून कागद आला, आरोग्य तपासणीचा.
प्रांजल चौगुले, सहावी ब, वजन अठ्ठावन्न.
आकड्याभोवती तांबड्या पेनाचा गोल
आणि खाली : पालकांनी भेटावे.
बारदानाचा रकाना कुठंच नव्हता.

दोन दिवस कागद खिशात घेऊन हिंडलो.
नको असताना हिशेब लागत गेला.

सव्वापाचला ती गळ्यातल्या किल्लीनं दार उघडते.
वैजूची दुसरी पाळी, कुपवाडच्या सूतगिरणीत.
माझे सौदे आवरेपर्यंत आठ.
खाली जाऊ नको, रस्त्यानं ट्रक असतात,
हे आम्हीच सांगितलेलं.
चहाच्या डब्याखाली वीसची नोट, भूक लागली तर.
भूक लागायची की एकटं वाटायचं,
दुकानदार थोडाच विचारणार.

वैजू जतकडची.
एका भाकरीचे चार चतकोर आणि भावंडं पाच,
पाचवी ती.
अजून पातेल्याचा तळ दिसला की तिला घाम फुटतो.
ताट पुसून घे, दोन घास आणखी घे,
याच्याशिवाय माया कशी करतात
तिला कुणी दाखवलंच नाही.

धाकटा श्रेयस काडीसारखा.
त्याच्यासाठी शिरा, त्याच्यासाठी तूप लावलेली पोळी.
तो चार घास खाऊन उठतो
आणि टाकू नको गं म्हणत ताट हिच्याकडं सरकतं.
त्याची दृष्ट काढायची,
हिला उरलेलं.

आणि मी?
गॅदरिंगला पोचलो नाही, त्या रात्री भडंगाचं पुडकं.
वैजूवर ओरडलो, तांब्या भिंतीवर आपटला,
दुसऱ्या दिवशी जिलेबी.
पोरगी दाराआडून सगळं ऐकत होती.
मी पुड्याचा दोरा सोडला, ती मुकाट्यानं खात गेली.
माफी मागायला मला तोंड नव्हतं,
म्हणून तिचं गोड केलं.

आणखी एक आहे. ते सांगायला जड जातं.
तीन वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन
यार्डभर फिरायचो, आणि हमालांना हाळी द्यायचो :
सरका रे, माझं पोतं आलं!
लाडानंच.
आता वर्गातली पोरं तेच म्हणतात.

रविवारी यार्ड बंद असतं. तिला घेऊन गेलो.
कोपऱ्याकोपऱ्यात पिवळा भुगा, एक कुत्रं झोपलेलं.
काट्यावर उभी राहू? तिनं विचारलं.
थांब म्हटलं, आणि आधी मीच चढलो,
चपला, किल्ल्यांचा जुडगा, खिशातला तो कागद,
सगळ्यासकट.
मग हात देऊन तिला वर घेतलं.
आकडा धावला, थरथरला, थांबला.

पप्पा, यातलं माझं किती?

वीस वर्षांत पहिल्यांदा
मला वजाबाकी येईना.

रात्री टीव्ही लावला नाही. चौघं खाली बसलो.
नुसता चावण्याचा आवाज, तोही परका वाटत होता.
प्रांजल म्हणाली, अजून अर्धी.
वैजूचा हात भाकरी घेऊन निघाला
आणि ताटाच्या वर येऊन थांबला.

आमच्यात कायम विचारतात, जेवलीस का?
वैजूनं विचारलं,
भूक आहे का गं?

प्रांजलनं ताटाकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं,
दारात कुणी अनोळखी माणूस उभा असावा तसं.
थांब, म्हणाली. बघते.

आम्ही थांबलो.
श्रेयसही थांबला, घास तसाच गालात धरून.
वैजूच्या हातात भाकरी निवत होती.